पहिली ट्रेल अल्ट्रा धावायची आहे? हिवाळ्याचे चार महिने नेमके कसे वापराल

डिसेंबरातला शनिवार, पहाटेचे पाच. सिंहगडाच्या पायथ्याशी आतकरवाडीत अजून अंधार आहे, पण गडाच्या वाटेवर हेडलॅम्पचे ठिपके हलताना दिसतात. कोणी नेहमीप्रमाणे सकाळची चढाई करायला आलंय. कोणी मात्र वर जाऊन खाली आलंय आणि पुन्हा वर निघालंय. दुसऱ्यांदा, कधी तिसऱ्यांदा.

या दुसऱ्या गटातल्या अनेकांच्या डोक्यात एकच आकडा असतो: ५० किलोमीटर. डांबरी रस्त्यावर नाही, डोंगरातून.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात हाफ मॅरेथॉन आणि मॅरेथॉन धावणाऱ्यांची मोठी पिढी तयार झाली. त्यांतल्या काहींना आता पुढची पायरी खुणावते आहे, ती म्हणजे ट्रेल अल्ट्रा. आपल्याकडे या तयारीचा हंगाम हिवाळाच. पावसाळ्यात वाटा निसरड्या असतात, उन्हाळ्यात अंगाची लाही होते. उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने.

पण हाच हिवाळा पहिलटकरांना फसवतोही. थंडीत दम लवकर वाढतो, पाय मात्र तेवढ्या वेगाने तयार होत नाहीत. सगळी तयारी या एका तफावतीभोवती फिरते. ती कशी, ते समजून घेऊ.

ट्रेल अल्ट्रा म्हणजे काय?

मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर. त्याहून लांब कोणतीही शर्यत ही अल्ट्रामॅरेथॉन. जगभर ५०, ८०, १०० आणि १६० किलोमीटर ही अंतरं जास्त प्रचलित आहेत. शर्यतीचा बहुतांश मार्ग पायवाटा, जंगल, पठारं, डोंगर असा नैसर्गिक असेल आणि पक्क्या रस्त्याचा भाग थोडाच असेल, तर ती ट्रेल शर्यत.

या खेळाच्या इतिहासात १९७४ साल महत्त्वाचं मानतात. कॅलिफोर्नियात घोड्यांची १०० मैलांची एक शर्यत व्हायची. त्या वर्षी गॉर्डी एन्सली हा तरुण घोड्याविना, स्वतःच्या पायांवर त्या मार्गावर उतरला आणि २४ तासांच्या आत पोहोचला. त्यातूनच पुढे 'वेस्टर्न स्टेट्स' ही प्रसिद्ध शर्यत उभी राहिली. युरोपात आल्प्स पर्वतात २००३ पासून 'यूटीएमबी' होते. माँ ब्लाँ या शिखरसमूहाला फेरी मारणाऱ्या या शर्यतीचं अंतर १७० किलोमीटरच्या घरात आहे आणि एकूण चढ सुमारे १०,००० मीटर.

आपल्याकडे सिंहगड-राजगड-तोरणा या ट्रेकर्सच्या जुन्या वाटेवर 'एसआरटी अल्ट्रा' होते. कर्नाटकात कॉफीच्या मळ्यांमधून 'मलनाड अल्ट्रा' धावली जाते. अशा बहुतेक ठिकाणी १०० किलोमीटरबरोबर ५० किलोमीटरचा गटही असतो. पहिल्या प्रयत्नासाठी ५० किलोमीटर पुरेसे आहेत.

डोंगरातले ५० किलोमीटर म्हणजे खरे किती?

रस्त्यावर धावणाऱ्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो. "मॅरेथॉन साडेचार तासांत केली, मग ५० किलोमीटरला सहा तास धरू," असा हिशेब मांडला जातो. डोंगरात तो चालत नाही.

ट्रेल शर्यतींत 'किलोमीटर-एफर्ट' हे माप वापरतात. दर १०० मीटर चढाला एक किलोमीटर जास्तीचा धरायचा. समजा शर्यत ५० किलोमीटरची आहे आणि एकूण चढ २,००० मीटर आहे. मग ती झाली ५० अधिक २०, म्हणजे ७० किलोमीटर-एफर्टची. २,००० मीटर चढ म्हणजे किती? आतकरवाडीतून सिंहगड साधारण ६०० मीटर चढावा लागतो. म्हणजे तीन वेळा गड चढूनही थोडा चढ शिल्लक राहतो.

वेळेचा अंदाज बांधायला आणखी एक जुना नियम आहे. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी तो १८९२ मध्ये मांडला. चालण्यासाठी दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. या हिशेबाने वरची शर्यत नुसती चालून पूर्ण करायला साधारण १३ तास २० मिनिटं लागतील, आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. सपाटीवर आणि उतारावर हळू धावणारा, चढावर चालणारा नवखा धावपटू यापेक्षा कमी वेळात पोहोचतो. तरी नऊ ते अकरा तास पायांवर राहण्याची मनाची तयारी हवीच.

म्हणून ट्रेल अल्ट्राचा सराव किलोमीटरमध्ये मोजण्यापेक्षा तासांत आणि चढाच्या मीटरमध्ये मोजतात.

थंडीत दम वाढतो, पाय मागे का राहतात?

धावताना शरीर तापतं. ते थंड ठेवायला हृदयाला बरंच रक्त त्वचेकडे पाठवावं लागतं. हवा गार असली की हे काम कमी होतं आणि ते रक्त स्नायूंच्या वाट्याला येतं. त्यामुळे मे महिन्यात धाप लावणारा वेग डिसेंबरात सहज जमतो. हृदयाचे ठोकेही कमी दिसतात. घड्याळ सांगतं, तुम्ही सुधारलात.

त्यात काही अंशी तथ्यही असतं. नियमित सराव सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग वाढू लागतो. स्नायूंच्या पेशींमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा पुढच्या काही आठवड्यांत मजबूत होते.

पण स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा, म्हणजे टेंडन, यांना रक्तपुरवठा कमी असतो. त्यांना बळकट व्हायला कित्येक महिने लागतात. हाडांचं गणित आणखी वेगळं आहे. ताण पडला की शरीर हाडाचा जुना भाग आधी काढून टाकतं आणि मग तिथे नवा भरतं. हे पूर्ण चक्र तीन-चार महिन्यांचं. मधल्या काळात ती जागा उलट थोडी कमकुवत असते.

म्हणजे सराव सुरू करून पाच-सहा आठवडे झाले, अंगात जोर आला, दम लागेनासा झाला, नेमकी तीच वेळ हाडांसाठी नाजूक असते. "मी तर एकदम फॉर्मात होतो आणि अचानक नडगी दुखायला लागली," असं अनेक धावपटू सांगतात. ते दुखणं अचानक आलेलं नसतं.

सराव सुरू करण्याआधी काय तपासाल?

सोळा आठवड्यांची तयारी शून्यापासून सुरू करता येत नाही. आठवड्याला २५-३० किलोमीटर धावण्याची काही महिन्यांची सवय हवी आणि हाफ मॅरेथॉन फारसा त्रास न होता पूर्ण व्हायला हवी. तेवढं होत नसेल तर हा हिवाळा त्यासाठी द्या आणि पुढचा हिवाळा अल्ट्रासाठी ठेवा.

डॉक्टरांकडे एकदा जाऊन या. वय चाळिशीपुढे असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, धावताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली असेल, तर हे टाळू नकाच.

हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, यांची तपासणी करून घ्या. महिलांनी तर नक्कीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. लोह कमी असेल तर कितीही सराव करा, थकवा जात नाही. सराव वाढवल्यावर मासिक पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर ते खाणं कमी पडत असल्याचं लक्षण असू शकतं. त्याचा थेट परिणाम हाडांवर होतो, म्हणून लगेच सल्ला घ्या.

सोळा आठवडे: नोव्हेंबर ते फेब्रुवारी

खालचा आराखडा फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यातली, ५० किलोमीटर आणि साधारण २,००० मीटर चढाची शर्यत डोळ्यासमोर ठेवून केला आहे. शर्यत आधी किंवा नंतर असेल तर महिने सरकवा, क्रम तोच ठेवा.

नोव्हेंबर (आठवडे १ ते ४): आठवड्यातून चार दिवस धावा. एकूण वेळ चार ते पाच तास. सुट्टीच्या दिवसाची लांब फेरी दीड तासापासून अडीच तासांपर्यंत न्या. सगळं सावकाश.

डिसेंबर (आठवडे ५ ते ८): एकूण सहा ते सात तास. एक दिवस फक्त चढ-उताराचा ठेवा. लांब फेरी तीन-साडेतीन तासांची आणि शक्यतो ८०० ते १,००० मीटर चढाची.

जानेवारी (आठवडे ९ ते १३): सगळ्यात जड टप्पा. एकूण आठ ते दहा तास. लांब फेरी साडेचार तासांपासून सहा तासांपर्यंत. या महिन्यात दोन वेळा शनिवार-रविवार जोडून सराव करा, शनिवारी चार-साडेचार तास आणि रविवारी थकलेल्या पायांनी दोन तास. एक फेरी शर्यतीची रंगीत तालीम म्हणून करा. तेच बूट, तीच बॅग, तेच खाणं.

फेब्रुवारी (आठवडे १४ ते १६): सराव कमी करत न्या. शेवटच्या दोन आठवड्यांत एकूण वेळ जवळपास निम्म्यावर आणा. धावण्याचे दिवस फार कमी करू नका, प्रत्येक दिवसाचा वेळ कमी करा.

दर चौथ्या आठवड्याला भार एक तृतीयांशाने उतरवा. दुरुस्ती याच आठवड्यात होते. तो गाळणं म्हणजे पगार न घेता काम करण्यासारखं आहे.

दर आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढ नको, हा नियम तुम्ही ऐकला असेल. नेदरलँड्समध्ये ५३२ नवख्या धावपटूंवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा हळूहळू वाढवलेला सराव आणि नेहमीचा सराव या दोन्ही गटांत दुखापतींचं प्रमाण सारखंच, साधारण २० टक्के निघालं. म्हणजे दहा टक्के हा जादूचा आकडा नाही. अंगाला काय वाटतंय, झोप कशी लागतेय, दुखणं कुठे आहे, हे त्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं.

आणि हो, तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते. हळदी, वराती, हुरडा पार्ट्या, संक्रांत. एखादा आठवडा बुडणारच. बुडालेला सराव पुढच्या आठवड्यात भरून काढायचा नाही. तो गेला असं समजून पुढचं पान उलटायचं.

इतकं सावकाश का धावायचं?

धावता धावता शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. ही सगळ्यात सोपी कसोटी. वाक्य मधेच तुटत असेल तर वेग जास्त आहे.

नॉर्वेत काम करणारे अमेरिकन अभ्यासक स्टीफन सायलर यांनी दीर्घ पल्ल्याच्या खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास केला. अव्वल खेळाडूंचा सुमारे ८० टक्के सराव सावकाश असतो आणि सुमारे २० टक्केच जोराचा, असं त्यांनी दाखवलं. थंडीत नेमकं हेच अवघड जातं, कारण गारव्यात जोरात पळावंसं वाटतं. त्या मोहाला बळी पडलात तर दम खूश होतो, बिल कंडरांकडे जातं.

चढ चालायचा, उतार शिकायचा

ट्रेल अल्ट्रात तीव्र चढ चालणं यात कमीपणा नाही. अव्वल धावपटूही कड्याच्या चढावर चालतात. गुडघ्यांवर हात ठेवून, छोटी पावलं टाकत, एकाच लयीत. ही चाल वेगळी शिकावी लागते, म्हणून सरावात तीही ठेवा.

खरी परीक्षा उताराची असते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेकचं काम करतात. त्यात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. चांगली गोष्ट अशी की, एकदा असं दुखून बरं झालं की पुढच्या काही आठवड्यांत तोच उतार कमी त्रास देतो. शरीर धडा शिकतं. म्हणून डिसेंबरपासून दर आठवड्याला थोडा उतार हवाच. मोठा उतार शर्यतीच्या आदल्या आठवड्यात मात्र नको.

सह्याद्रीत जानेवारीनंतर आणखी एक गोष्ट बदलते. गवत वाळून आडवं होतं आणि त्यावरून पाय बर्फावरून घसरावा तसा घसरतो. कातळावर मुरमाचा थर साचतो. ट्रेकर्स ज्याला घसारा म्हणतात तो हाच. पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, नजर दोन-तीन पावलं पुढे. टाचेवर जोर देऊन मागे झुकलात की घसरलात.

डोंगर जवळ नसेल तर? पुण्यात पर्वती किंवा वेताळ टेकडी, ठाण्यात येऊर, साताऱ्यात यवतेश्वर आणि अजिंक्यतारा, नाशकात पांडवलेणी, कोल्हापूरकरांना पन्हाळा आणि जोतिबा. तेही नसेल तर इमारतीचा जिना. आठवड्यातून दोन दिवस अर्धा तास व्यायाम करा: उठाबशा, एका पायावर उभं राहून पोटरी उचलणं, पायरीवरून एका पायाने हळू उतरणं. कंडरांना मजबूत करायचं तर याला पर्याय नाही.

खाणं हाही सरावच

धावताना साधारण दर किलोमीटरला शरीराच्या दर किलो वजनामागे एक कॅलरी खर्च होते. ६० किलो वजनाच्या व्यक्तीला ५० किलोमीटरला ३,००० कॅलरी लागतील, चढाच्या वेगळ्या. शरीरात साठवलेल्या साखरेतून मिळतात फक्त १,६०० ते २,००० कॅलरी. चरबीतूनही ऊर्जा मिळते, पण ती हळू. म्हणून धावता धावता खावंच लागतं.

तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट हे सुरुवातीचं लक्ष्य ठेवा. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम, चार-पाच छोट्या खजुरांत जवळपास तेवढेच, मीठ लावलेल्या मध्यम उकडलेल्या बटाट्यात २५ ते ३० ग्रॅम. चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, तिळगूळ हे चालतं, पण शेंगदाण्या-तिळातल्या तेलामुळे पचायला वेळ लागतो. ते पहिल्या काही तासांत खा, शेवटच्या चढावर नको. जेल घ्यायचं असेल तर सरावात आधी वापरून बघा.

धावताना रक्त पायांकडे गेलेलं असतं, म्हणून पोट खाणं नाकारतं. पण आतड्यांनाही सवय लावता येते. दोन तासांपेक्षा लांब प्रत्येक फेरीत दर अर्ध्या तासाला काहीतरी खा. भूक लागल्यावर खायचं ठरवलंत तर उशीर झालेला असतो.

पाणी: कमीही वाईट, जास्तही वाईट

थंडीत तहान कमी लागते, घाम लगेच सुकतो, त्यामुळे पाणी कमी प्यायलं जातं. पण दुसरं टोकही धोक्याचं आहे. तासन्‌तास नुसतं साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं होतं. मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजणं, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. ती पाणी कमी पडल्यासारखी वाटतात आणि माणूस आणखी पाणी पितो.

उपाय साधा आहे. तहान लागेल तसं प्या, घोटाघोटाने. खारट काहीतरी खात राहा किंवा ओआरएस ठेवा. डोंगरातले ओढे जानेवारीपर्यंत आटतात, म्हणून फेरीचं पाणी सोबत न्या.

वेदनाशामक गोळी खाऊन धावू नका. लांब पल्ल्यात, अंगात पाणी कमी असताना, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. शर्यतीनंतर लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा.

अंधार, धुरकं आणि बिबट्या

हिवाळ्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि नोकरी करणाऱ्यांचा सराव अंधारातच होतो. हेडलॅम्प आणि चमकणारी पट्टी हवीच. एकट्याने डोंगरात जाऊ नका. कुठून चढणार, कधी परतणार, हे घरी लिहून ठेवा. काही किल्ल्यांवर आणि अभयारण्यांत सूर्यास्तानंतर प्रवेश नसतो, त्याची आधी चौकशी करा.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर या पट्ट्यात उसाच्या फडांमध्ये बिबट्यांचा वावर आहे. ऊसतोडणीचा हंगाम हिवाळ्यातच असतो. फड तुटले की बिबट्या जागा बदलतात. तिथे अंधारात शेतांमधून धावायचं टाळा. कड्यांवर आग्या मोहोळ असेल तर अत्तर, आरडाओरडा आणि धूर नको. फेब्रुवारीनंतर वणव्याचा धोका वाढतो.

शहरात वेगळीच अडचण असते. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड राहते, वरची उबदार हवा झाकणासारखी बसते आणि धूर खालीच अडकतो. पहाटेची हवा 'ताजी' असते हा समज मुंबई-पुण्यात जानेवारीत खरा ठरेलच असं नाही. हवेचा गुणवत्ता निर्देशांक २०० च्या वर, म्हणजे 'खराब' गटात असेल, तर त्या दिवशी घरात व्यायाम करा किंवा शहराबाहेर जा.

फेब्रुवारीचं ऊन कसं झेलायचं?

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे १०-१२ अंश आणि दुपारी ३० च्या आसपास, असा फरक असतो. शर्यत पहाटे थंडीत सुरू होते, पण नऊ-दहा तासांच्या शर्यतीत भर दुपार उघड्या पठारावर गाठते. फेब्रुवारीच्या शेवटी ती दुपार आणखी तापलेली असते. ज्याने चार महिने फक्त पहाटे सराव केला, त्याला हे ऊन नवीन असतं.

उन्हाची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. शरीर लवकर घाम गाळायला शिकतं, रक्तातला द्रवभाग वाढतो. म्हणून शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत, सराव कमी झालेला असताना, काही फेऱ्या दुपारी चारच्या सुमारास ४० ते ६० मिनिटं सावकाश करा. टोपी, पाणी सोबत ठेवा. चक्कर आली, अंगावर काटा आला तर तिथेच थांबा.

गान्सूत काय घडलं होतं?

उलट टोकाचा धडा चीनने दिला. २२ मे २०२१ रोजी गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची ट्रेल शर्यत होती. सकाळी निघताना अनेकांच्या अंगावर अर्धी चड्डी आणि टी-शर्ट होते. दुपारी उंचावर वादळी वारा, गारा आणि गोठवणारा पाऊस आला. १७२ पैकी २१ धावपटू शरीराचं तापमान घसरून मरण पावले. त्यांत देशातले नामवंत धावपटूही होते. एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेत नेऊन वाचवलं. वाऱ्यापासून वाचवणारं जॅकेट त्या शर्यतीत सक्तीच्या सामानात नव्हतं.

तुमची शर्यत सह्याद्रीत असो की पुढे कधी हिमालयात, सक्तीच्या सामानाची यादी ओझं समजू नका. हेडलॅम्प, शिट्टी, चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट, पातळ जॅकेट, पुरेसं पाणी, चार्ज केलेला फोन. सरावाच्या लांब फेरीतही हेच सोबत ठेवा. अडचणीत ११२ हा क्रमांक लक्षात असू द्या. राज्यात गिर्यारोहकांची बचाव पथकंही आहेत आणि बहुतेक वेळा आधी धावून येतात ते पायथ्याचे गावकरी.

कधी थांबायचं?

दोन्ही मांड्या सारख्याच दुखत असतील, हालचालीने मोकळ्या होत असतील, तर ते स्नायूंचं दुखणं. दोन-तीन दिवसांत जाईल. पण एकाच पायात, एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, धावताना वाढत असेल किंवा रात्री जागं करत असेल, तर धावणं बंद करा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये हाडाची बारीक चीर दिसेलच असं नाही, तेव्हा "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणून पुन्हा पळायला लागू नका.

जानेवारीच्या अखेरीस स्वतःला तीन प्रश्न विचारा. पाच तासांची फेरी, चांगल्या चढासह, एकदा तरी झाली का? धावताना खाल्लेलं पोटात राहतं का? शरीरात कुठे बोट ठेवण्यासारखं दुखणं आहे का? पहिल्या दोनांचं उत्तर 'हो' आणि तिसऱ्याचं 'नाही' असेल, तर तुम्ही सुरुवातीच्या रेषेवर उभं राहायला तयार आहात.

उत्तरं तशी नसतील, तर अनेक आयोजक ठरावीक मुदतीत ५० ऐवजी २५ किलोमीटरच्या गटात नाव बदलून देतात. ती मुदत आत्ताच पाहून ठेवा. या हिवाळ्यात पायांनी कमावलेलं वाया जात नाही. पुढच्या नोव्हेंबरात तुम्ही शून्यापासून सुरुवात करणार नाही, आणि तोवर दम आणि पाय यांच्यातलं अंतर बरंच कमी झालेलं असेल.